नकट्या राजाला नवं नाक

८ फेब्रुवारी. दुपार.

माझा चष्मा पुन्हा यांच्याच खिशात निघाला आणि वर मलाच विचारतात, काय शोधतेस गं एवढं. अर्धी सकाळ त्यात गेली. झिप बदलायला आलेल्या पँटी तशाच पडल्यात. गिऱ्हाईक बोंब मारणार ती माझ्या नावानं, यांच्या नाही.

हं. आता वहीला नमस्कार.

वही आमच्या साहेबांनी आणून दिली. साहेब म्हणजे मुलगा. ऑफिसात त्याच्या हाताखाली माणसं आहेत, आणि घरी आम्ही दोघं आहोत असा त्याचा समज आहे. डॉक्टरनी सांगितलंय म्हणे, बाबा काय काय विसरतात ते रोज तारीख घालून लिहायचं. मी म्हटलं, माझी शाळा चौथीत सुटली, मला जमायचं नाही. म्हणाला, जमेल तसं लिही, पुढच्या महिन्यात दाखवायचंय.

लिहिते की. पण जे नाही ते कुठून आणून लिहू. हे काही विसरत नाहीत. लक्ष देत नाहीत. तो निराळा आजार आणि तो लग्नापासूनचा आहे, त्यावर कुठल्याच डॉक्टरकडे औषध नाही.

वही चांगली जाड आहे. मी माझं लिहीन. डॉक्टरला दाखवणार नाही.

९ फेब्रुवारी. संध्याकाळ.

यांची सगळी नोकरी रस्त्यावरच्या फोनच्या डब्यांत गेली. नाणं टाकून बोलायचे तेव्हाचे फोन. हे सायकलवरून जायचे, किल्ल्यांचा जुडगा कमरेला. डबा उघडायचा, नाणी पिशवीत ओतायची, डबा परत लावायचा, पुढचा फोन. वेगळं नाणं हाताला लागलं की आपल्या खिशातलं साधं त्यात टाकायचं आणि ते काढून घ्यायचं. टेलिफोन खात्याची ना नव्हती. असा हा संग्रह. लोक संग्रह म्हणतात, मी पसारा म्हणते.

ठेवायला माझी बटणांची खणाखणांची पेटी नेली, ती अजून परत केलेली नाही. त्यात नाणी देशाप्रमाणे नाहीत, वर्षाप्रमाणे नाहीत. फोनप्रमाणे आहेत. पोस्टाच्या कोपऱ्यावरच्या फोनचा एक खण, हॉस्पिटलच्या दाराशी होता त्याचा एक, कारखान्याच्या फाटकासमोरचा एक. अशी मांडणी दुसऱ्या कुणी केली असेल तर मला दाखवा.

चहा झाला की स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॉवेल अंथरायचा, पेटी उपडी करायची, डोळे मिटायचे. एकेक उचलायचं, अंगठा फिरवायचा आणि बोलायचं. जहाज, पोस्टाचा कोपरा. भोकाचं, कारखाना. नकटा राजा, हॉस्पिटल. बोलून त्या त्या खणात टाकायचं. कधी चुकायचे नाहीत. त्या खळखळाटाचा मला इतका वैताग, की मी मुद्दाम शिवणाची मशीन चालवायला बसायची.

आज जहाज हातात धरून राजा म्हणाले. मी म्हटलं, नीट बघा. डोळे उघडून पाहिलं, तरी राजाच. मग बराच वेळ नुसता अंगठा फिरवत बसले. शेवटी टॉवेलची चार टोकं धरली आणि सगळी नाणी एकाच खणात ओतली.

मी खांद्यावरून वाकून पाहिलं होतं. जहाजाचं शीड गेलंय. अक्षरं गेलीयत. राजाचं नाक तर केव्हाच गेलं, म्हणून तो नकटा. सगळी यांच्याच अंगठ्यानं झिजवलीत. आता बोटाला काही लागत नाही, यात बोटाचा काय दोष.

११ फेब्रुवारी.

काल रात्रीपासून डोक्यात होतं, आज पँटीला झिप लावताना स्वच्छ दिसलं. पँट चांगली असेल तर पँट टाकत नाहीत, झिप बदलतात. माणूस चांगला आहे. नाणी बदलायची.

तीच नाणी, पण न झिजलेली. शीड असलेलं जहाज. नाक असलेला राजा. अंगठा फिरवला की लगेच ओळखू येतील. एकदा ओळखायला लागले की साहेबांचं तोंड बंद, डॉक्टरचंही.

इतकी साधी गोष्ट. एवढं शिकून त्या दोघांच्या लक्षात कशी आली नाही देव जाणे.

१४ फेब्रुवारी.

नाण्यांच्या दुकानात जाऊन आले. चप्पल दुरुस्तीवाल्याच्या वरचा मजला, जिना अंधारा, कठड्याला हात लावला की हात काळा. दुकानदार डोळ्याला भिंग लावूनच बसलेला असतो. ते काढलं तरी त्याची खूण डोळ्याभोवती तशीच राहते. त्याला मी भिंगवालाच म्हणते.

नमुना म्हणून मूठभर रुमालात बांधून नेली होती. एकेक भिंगाखाली धरून तो म्हणाला, गुड. हे पण गुड. हे फार तर फाइन. मी मनात म्हटलं, बघा, उगाच नावं ठेवत होते मी. छाती फुगवूनच उभी होते. मग तो म्हणतो, आजी, गुड म्हणजे आमच्यात जवळजवळ संपलेलं. गुडच्या वर फाइन, त्याच्या वर व्हेरी फाइन, मग एक्स्ट्रा फाइन, आणि सगळ्यात वर अनसर्क्युलेटेड, म्हणजे कुणाच्या हातातच न गेलेलं.

कसला हा धंदा. गुड म्हणजे वाईट आणि ज्याचा कुणाला उपयोग झाला नाही ते सगळ्यात भारी. मी तसं म्हटलं तर हसला. माणूस बरा आहे.

मला म्हणाला, अपग्रेड करू नका. तुमची फिरलेली, हातोहात वापरलेली नाणी आहेत, त्यांचं मला फारसं काही देता यायचं नाही. ती राहू द्या आणि हौस म्हणून एखादं वरच्या ग्रेडचं घ्या. आणि एकदम विचारलं, कुणासाठी घेताय. मी म्हटलं, विकायचं नसेल तर दुकान कशाला उघडलंस. त्यानं भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

पैशाचं इथं लिहीत नाही. शिवणाचा पैसा माझा आहे.

१६ फेब्रुवारी.

यांना आडून विचारलं. म्हटलं, ही नाणी फार झिजलीत, लोक म्हणे बदलून चांगली घेतात. आज हे अगदी लख्ख होते. म्हणाले, वेडी आहेस का. बदलायची कशाला. या प्रत्येक नाण्यावर कुणीतरी कुणाला तरी काहीतरी सांगितलंय.

मी म्हटलं, काय सांगणार, येताना बटाटे आण म्हणून सांगितलं असेल.

म्हणाले, असेल. हॉस्पिटलच्या फोनवर बटाट्यांचं बोलायला कुणी येत नाही पण.

हे असं मध्येच बोलून माणसाला अडकवायची यांची जुनी सवय आहे.

संध्याकाळी टॉवेल अंथरला. भोकाचं नाणं हातात घेतलं. त्याला मधोमध भोक आहे, आंधळ्यालाही कळेल. बोट भोकात घालून बसले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, हे कशाचं आहे गं.

म्हणजे तेही झिजलंय. भोकसुद्धा झिजतं. ठरलं माझं.

१७ फेब्रुवारी.

साहेब आणि सूनबाई जेवायला आले होते. मी अपग्रेडचं सांगितलं. शब्द बरोबर उच्चारला. साहेबांनी चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, आई, बाबांचा प्रश्न नाण्यांचा नाहीये. मी म्हटलं, मग कशाचा आहे. तर बायकोकडे बघायला लागला. याला उत्तर येत नसलं की बायकोकडे बघतो. लहानपणी माझ्याकडे बघायचा.

सूनबाई म्हणाली, आई, बाबांना ती तशीच आवडतात ना. मी म्हटलं, तुला माझी जुनी कढई आवडते का. ती म्हणाली, नाही. म्हटलं, मग.

तिच्या लक्षात आलं नाही बहुतेक. ताटं उचलताना तिचे डोळे लाल होते. कांदा मी चिरला होता, तिनं नाही.

२० फेब्रुवारी.

जहाज आणलं. एकच, आधी बघू म्हणून. काय जहाज आहे. शीड फुगलेलं, दोर दिसतात, पाण्याच्या लाटासुद्धा. कडक प्लॅस्टिकच्या डबीत बंद, वर ग्रेडची चिठ्ठी. भिंगवाल्यानं बजावलंय, डबी फोडायची नाही, फोडली की ग्रेड गेली.

संध्याकाळी टॉवेलावर ठेवलं आणि मशीनवर जाऊन बसले, बघत नाही असं दाखवून. हे डोळे मिटून बसले. अंगठा फिरवला. प्लॅस्टिकवरून सरकला. पुन्हा फिरवला. डबी उलटी केली. दातानं उघडायला गेले तेव्हा मला उठावं लागलं.

मग डोळे उघडून छान आहे म्हणाले. कुणाचं आहे विचारलं. आणि डबी माझ्या हातात देऊन म्हणाले, सांभाळून ठेवा, तुमचं आहे.

२१ फेब्रुवारी. सकाळ.

एक गोष्ट काल लिहायची राहिली. हे मला अहो-जाहो करायला लागलेत. आजही म्हणाले, तुमचा चहा गार होतोय. तुमचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, अगंच्या वर कधी गेले नाहीत. पाहुण्यांसमोर तरी जरा मानानं बोलत जा म्हणून मी किती भांडले असेन. आता उशिरा का होईना, अक्कल आली. नव्या नाण्याचाच गुण.

साहेबांना सांगितलं. तो नुसता बरं म्हणाला. बाईमाणसाला मान मिळालेला पुरुषांना बघवत नाही, मग तो पोटचा का असेना.

२३ फेब्रुवारी.

जहाज काही कळलं नाही यांना. विचार केला. चूक नव्या जहाजाची नाही. जुनी नाणी शेजारी पडलेली असतात, त्यांनी गोंधळ होतो. जुना मोजटेप आणि नवा मोजटेप एका खणात ठेवला की माझाही हात जुन्यावरच जातो. जुना काढून टाकला की दोन दिवसांत नव्याची सवय होते.

तेव्हा अर्धंमुर्धं काम नको. सगळीच बदलायची.

२५ फेब्रुवारी. दुपार.

झालं काम.

साहेब यांना केस कापायला घेऊन गेला होता. तेवढ्यात पेटीच उचलून पिशवीत घातली. जिना चढताना जड लागली, इतकी जड असेल असं वाटलं नव्हतं. हे रोज सहज उपडी करायचे.

भिंगवाल्यानं फार बघितलंही नाही. एकदाच विचारलं, आजी, घरी विचारलंत ना. मी हो म्हटलं. ज्या ज्या जातीची होती त्या त्या जातीचं एकेक नवं डबीत बंद करून दिलं. जहाज घरी होतंच. राजा बघितला. काय नाक आहे. सरळ, तरतरीत. चिडका वाटतो जरा, पण नाक असलं की माणूस चिडका वाटतोच.

जुनी त्यानं काउंटरखालच्या टबात ओतली. फिरलेल्या नाण्यांचा टब, येणारेजाणारे हात घालून चाळतात, आवडेल ते नेतात. ओतताना आवाज झाला. रोज संध्याकाळी आमच्या टेबलावर व्हायचा तसलाच, फक्त एकदम सगळा.

रिकामी पेटी घेऊन आले. वाटेत भाजी घेतली.

२५ फेब्रुवारी. रात्रीचं जेवण व्हायच्या आधी.

टॉवेल अंथरला, सगळ्या डब्या ओळीनं मांडल्या. यांनी पाहिल्या. एक उचलली, ठेवली. मग टॉवेल उचलून खाली पाहिलं. टेबलाखाली पाहिलं. पेटी उघडली आणि एकेका खणात बोट घालून पाहिलं, कोपऱ्यापर्यंत, सावकाश. सगळे खण झाले. पुन्हा पहिल्यापासून.

मी म्हटलं, अहो, ही बघा ना नवी. नाक बघा राजाचं.

हो हो, म्हणाले. आणि न जेवता जाऊन पडले.

दमले असतील. केस कापायला बराच वेळ लागला म्हणाला साहेब.

डब्या पेटीच्या खणात बसत नाहीत. हे आधी लक्षात यायला हवं होतं. मोठे खण करून घेईन.

१ मार्च.

प्रगती आहे. आज संध्याकाळी हे स्वतःहून टेबलाशी बसले. मी खूश. जाऊन बघते तर माझा बटणांचा डबा उपडा केलेला. एकेक बटण उचलतात, अंगठा फिरवतात, पेटीत टाकतात. पोस्टाचा कोपरा, म्हणाले एका कोटाच्या बटणाला. हॉस्पिटल म्हणाले शर्टाच्या बटणाला.

गिऱ्हाइकाच्या कोटाची बटणं होती ती. तरी मी ओरडले नाही. मन गुंतलंय हे महत्त्वाचं. बटणांवरून नाण्यांवर यायला किती वेळ लागतो.

कोटवालीला सांगितलं, बटणं यायला वेळ लागेल. म्हणाली, बटणं माझीच आहेत ना. मी म्हटलं, तरी वेळ लागेल.

३ मार्च.

सकाळी मी अंघोळीला गेले, तेवढ्यात हे बाहेर पडले. घराच्या किल्ल्या कमरेला अडकवलेल्या, भाजीची पिशवी हातात. खालच्या लाँड्रीवाल्यानं परत आणून सोडलं. पोस्टाच्या कोपऱ्यावर उभे होते म्हणे, जिथं फोन होता तिथं. आता तिथं नुसता खांब आहे. खांबाला किल्ली लावत होते.

लाँड्रीवाला म्हणाला, आजी, दाराला वरून कडी लावत जा. मी म्हटलं, तुझ्या दाराला लाव. मग त्याला चहा दिला. त्यानं यांचा हात धरून रस्ता ओलांडला होता.

यांचे पाय अजून चांगले आहेत, हे यावरून कळतं. एवढं चालून दम लागलेला नव्हता.

साहेब फोनवर खूप बोलला. मी ऐकून घेतलं. नंतर म्हटलं, झालं असेल तर ठेव, मला मशीनला तेल घालायचंय.

४ मार्च.

मी डबी फोडली. ग्रेड गेली तर गेली. बटण तोडायच्या पकडीनं कड चेपली, पट्कन उघडली. जहाज बाहेर काढलं आणि यांच्या तळहातावर ठेवलं. म्हटलं, आता फिरवा अंगठा. आता मध्ये काही नाही.

यांनी डोळे मिटले. अंगठा ठेवला. मी अगदी शेजारी बसले होते, मशीनही बंद होती.

टोचतं, म्हणाले.

आणि माझ्या हातात परत दिलं. अंगठा शर्टाला पुसला.

मी नंतर स्वतः फिरवून पाहिलं. खरंच टोचतं. शीड टोचतं, दोर टोचतात, कडेचे काप टोचतात. नवीन वस्तूला धार असतेच. नव्या कात्रीलाही असते. पण कात्रीवरून कुणी रोज अंगठा फिरवत नाही.

आज मशीनवर बसले नाही.

५ मार्च.

भिंगवाल्याकडे गेले. म्हटलं, मला माझी नाणी परत दे. त्यानं टब काउंटरवर उचलून ठेवला आणि मला स्टूल दिलं. म्हणाला, तुमची जेवढी सापडतील तेवढी घ्या आजी, काही द्यायचं नाही. काही गेली असतील. परवा गर्दी होती.

बसले. एकेक काढायला लागले.

नकटे राजे किती होते म्हणून सांगू. मला वाटायचं नकटा राजा म्हणजे आमचाच. त्या टबात सगळेच नकटे. शीड नसलेली जहाजं, अक्षरं नसलेली, कणसाचे दाणे गेलेली. सगळी एकसारखी. नुसती पँट हातात घेतली तर कुणाच्या मशीनवर शिवलीय ते मी सांगेन. टाक्यावरून सांगेन. पण ही नाणी माझ्या टेबलावर रोज संध्याकाळी खळखळायची आणि मी एकाही नाण्यावर कधी अंगठा फिरवला नव्हता. खांद्यावरून बघायची तेवढंच. तेही खोड काढायला.

भिंगवाल्यानं विचारलं, काही खूण होती का. चरा, टवका, काही.

मी म्हटलं, खूण यांना ठाऊक.

रिकाम्या हातानं आले. जिन्याच्या कठड्याला धरलं, हात काळा झाला, तो घरी येईपर्यंत तसाच होता.

७ मार्च. सकाळ.

एवढं कसं सुचलं नाही मला.

यांनाच घेऊन जायचं. यांच्या बोटांना खूण ठाऊक आहे, तर यांची बोटं टबात घालायची. डोळे मिटतील, अंगठा फिरवतील, आमची तेवढी बाजूला निघतील. पेटीही नेणार. तिथल्या तिथं खणात टाकत जातील. मग घरी येऊन चहा, टॉवेल, सगळं पहिल्यासारखं. डब्यांतली नवी भिंगवाल्याला परत. फोडलेल्या जहाजाचं बघू.

साहेबांना फोन केला, उद्या सकाळी गाडी घेऊन ये म्हणून. कशाला विचारलं. म्हटलं, ये आधी. येईन म्हणाला. कधी नव्हे ते पटकन.

यांचा निळा शर्ट इस्त्री करून ठेवला. कॉलर उसवली होती ती शिवली.

उद्या सगळं निस्तरतं.

८ मार्च. दुपार.

जाऊन आलो.

जिना चढताना साहेबांनी यांचा हात धरला. भिंगवाल्यानं टब काढून ठेवलाच होता, मी काल सांगून ठेवलं होतं. यांना स्टुलावर बसवलं. पेटी शेजारी उघडून ठेवली. मी म्हटलं, अहो, घाला हात.

हात घातला. कोपरापर्यंत. आणि तोंड असं उजळलं, की मी साहेबांकडे बघितलं, बघ म्हणून. भिंगवाल्याकडेही बघितलं. सगळ्यांनी बघावं असं होतं ते.

हे भराभर काढायला लागले. डोळे मिटून. अंगठा नुसता टेकवायचा की पुढचं. डाव्या हातानं चळत लावायची, उजव्यानं काढायचं. चळत उंच झाली की तळव्यानं सारखी करायची आणि दुसरी. शीळ घालत होते. किती वर्षांत ऐकली नव्हती. मला वाटलं, सापडतायत. आमची सापडतायत.

मग माझ्या लक्षात आलं, पेटीत काही पडत नाहीये. पेटीकडे यांनी बघितलंच नाही. हे आमची शोधत नव्हते. सगळीच लावत होते. मोठी मोठ्यांत, लहान लहानांत, पिशवी भरून आणली की खात्यात लावायचे तशी. जहाज काय आणि राजा काय, नुसत्या चळती. हे कामावर होते.

मी पुढे वाकले. पोस्टाचा कोपरा कुठला हो यातला, विचारलं.

यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. चांगलं पाहिलं, तोंडभर हसून. मग म्हणाले, बाई, फोन करायचाय का. सुट्टे नाहीत का तुमच्याकडे.

आणि चळतीवरचं एक नाणं उचलून माझ्या हातावर ठेवलं. म्हणाले, राहू दे, नंतर द्या. पुढच्या चौकातला फोन चालू आहे, आत्ताच बघून आलोय.

भिंगवाला खाली मान घालून फडक्यानं काच पुसत होता. ती स्वच्छ होती. साहेब जिन्याकडे तोंड करून उभा राहिला. मी म्हटलं, बरं.

नाणं घेतलं. कुठलं होतं ते पाहिलं नाही, टबात परत टाकलं.

यांना तिथून उठवायला बराच वेळ लागला. काम संपलं नाही म्हणत होते.

९ मार्च.

साहेब रात्री इथंच राहिला. सूनबाईही आली. सकाळी मी खिडकीशी मशीनवर होते, कोटाची बटणं लावत, कोटवाली यायची होती. हे टेबलाशी चहा घेत होते, साहेब शेजारी. यांना वाटतं मी मशीनवर असले की मला ऐकू येत नाही. हेही यांचं जुनंच.

यांनी साहेबांना विचारलं, खिडकीशी बसलेल्या त्या बाई कोण. चांगल्या आहेत. चहा देतात मला.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. बायको समोर बसली होती, तरी माझ्याकडे बघितलं.

मी चाक फिरवलं. बटण लावायला चाक फिरवायचं काही काम नसतं, तरी फिरवलं. सुईत दोरा नव्हता.

उद्या डॉक्टरकडे जायचंय. ही वही नेणार आहे. त्याला पाहिजे होतं ते यात सगळीकडे लिहिलंय. मला काय लिहितेय ते कळलं नाही एवढंच. वाचेल तो. माझं अक्षर लागलं नाही तर साहेब वाचून दाखवेल.

नवी नाणी भिंगवाल्याला परत द्यायची आहेत. पेटीत बटणं ठेवायला घेतली.

आणि हे पुन्हा विचारणार, आज नाही तर उद्या, ही बाई कोण म्हणून. तेव्हा सूनबाईनं मध्ये बोलायचं नाही, तिला रडू येतं. माझ्याकडे कुणी बघायचं नाही. मी सांगणार नाही. उत्तर मुलानंच द्यायचं.